घरचा स्लूस बॉक्स आणि हातून निसटणारं सोनं: या चुका टाळा

घरी बनवलेल्या स्लूसमध्ये, म्हणजे नदीची माती वाहत्या पाण्यानं धुऊन सोनं वेगळं करायच्या उघड्या बॉक्समध्ये, सोनं सापडलं नाही की पहिला संशय रिफलवर, म्हणजे तळाच्या आडव्या पट्ट्यांवर जातो. मग रिफल उंच करा, मॅट बदला, बॉक्स लांब करा, असं सुरू होतं. बहुतेक वेळा दोष तिथे नसतोच. उतार चुकलेला असतो, पाणी कमी पडत असतं, बॉक्स एका अंगाला कललेला असतो किंवा माती धबाधब ओतली जात असते. स्लूस ही शेवटी पत्र्याची पन्हळ आहे. सोनं वेगळं करायचं काम पाणी करतं. रिफल त्याला थांबायला जागा देतात, एवढंच.

तांदूळ रोळताना जे घडतं तेच इथे घडतं: हलकं पाण्याबरोबर पुढे जातं, जड तळाशी मागे राहतं. शुद्ध सोन्याची घनता 19.3 आणि नदीतल्या साध्या गारगोटीच्या वाळूची सुमारे 2.65. दोन्ही पाण्यात बुडालेली असताना सारख्या आकाराचा सोन्याचा कण वाळूच्या कणाच्या जवळजवळ अकरापट जड भरतो. नदीतल्या सोन्यात थोडी चांदी मिसळलेली असते, म्हणून फरक जरा कमी होतो, तरी तो प्रचंडच असतो. मग सोनं निसटतं कसं? त्याच्या आकारामुळे. नदीनं कुटून कुटून ते पापुद्र्यासारखं चपटं केलेलं असतं आणि असा पापुद्रा जोराच्या धारेत पानासारखा तरंगत निघून जातो.

खालची मापं न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचा ओटागो भाग डोळ्यासमोर ठेवून दिली आहेत, कारण तिथलं बरंचसं सोनं असंच बारीक आणि चपटं असतं. 1861 मध्ये गॅब्रिएल रीडला लॉरेन्सजवळच्या घळीत सोनं सापडलं, पुढच्या वर्षी ॲरो नदीत, आणि या भागात माणसांची रीघ लागली. आज तिथे हौशी लोकांसाठी सरकारनं राखून ठेवलेली सार्वजनिक क्षेत्रं आहेत. ॲरोटाउनची नदी आणि गॅब्रिएल्स गली (रीडला सोनं सापडलं ती घळ) ही त्यांतली दोन. या क्षेत्रांत परवाना लागत नाही, पण अवजारं हातानं चालवायची असली पाहिजेत. मोटर, पंप, इंजिन काहीही चालत नाही. क्षेत्राबाहेर परवाना लागतो आणि जमीनमालकाची संमतीही लागते, कारण तिथे जमिनीतलं सोनं कायद्यानं सरकारचं असतं. ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत, ते निघण्याआधी वाचावेत. भारतात मात्र 1957 च्या खनिज कायद्यामुळे नदीत हौस म्हणून स्लूस लावता येत नाही.

बॉक्सची मापं

एका माणसानं उचलून नेण्याजोगा बॉक्स असा असावा: लांबी 100 सेंमी, आतली रुंदी 25 सेंमी, बाजूंची उंची 12 सेंमी, पत्रा ॲल्युमिनियमचा 1.6 मिमी. वरच्या तोंडाला दोन्हीकडे पंखे जोडून तोंड 40 सेंमीपर्यंत फाकवावं, म्हणजे प्रवाह ओढून घेतला जातो. सुरुवातीचे 25 सेंमी कोरा गुळगुळीत पत्रा, माती तिथेच टाकायची. त्यापुढे 15 सेंमी बारीक रेघांची रबरी मॅट, शक्यतो गडद निळी किंवा हिरवी. सोन्याचे पहिले कण इथे नजरेला पडतात. उरलेल्या 60 सेंमीत खाली नूडल मॅट, तिच्यावर एक्सपांडेड जाळी आणि त्यावर रिफल. रिफल 2 सेंमी उंच, साडेसहा सेंमी अंतरावर, म्हणजे नऊ बसतात. प्रत्येकाची वरची कड प्रवाहाच्या दिशेनं सेंटिमीटरभर दुमडलेली हवी. रिफल दोन उभ्या पट्ट्यांना रिव्हेट मारून एकसंध शिडीसारखे करावेत आणि ती शिडी चिमट्यांनी वरून दाबून बसवावी. सगळं दोन मिनिटांत सुटं झालं पाहिजे.

प्लायवूडचाही बॉक्स चालतो, पण तो मरीन ग्रेडचा असावा आणि कापलेल्या कडांना इपॉक्सीचे दोन हात द्यावेत. नाहीतर कडा फुगतात आणि मॅटखाली फट पडते.

बॉक्स रुंद केला की जास्त सोनं, हा समज

ही चूक हौशी माणूस मोठ्या उत्साहानं करतो. 25 सेंमी रुंद बॉक्समध्ये 6 सेंमी खोल पाणी सेकंदाला 80 सेंमी वेगानं वाहत असेल तर सेकंदाला 12 लिटर पाणी जातं. म्हणजे दहा लिटरची बादली सेकंदाच्या आत भरेल. आता बॉक्स 40 सेंमी रुंद केला आणि पाणी तेवढंच राहिलं, तर त्याच वेगाला खोली जेमतेम पावणेचार सेंमी उरते. 2 सेंमीच्या रिफलवर फक्त पावणेदोन सेंमी पाणी. त्यात गोटे अडकतात, रिफलमागचा भोवरा मरतो आणि बघता बघता सगळी पन्हळ वाळूनं गच्च होते. उन्हाळ्यात आटलेल्या ओढ्यासाठी तर 20 सेंमीच पुरे. बॉक्स आधी बनवून मग त्याला साजेसा ओढा शोधण्यापेक्षा ओढा बघून रुंदी ठरवावी.

उतार डोळ्यानं ठरवणं

नदीकाठी डोळा हमखास फसतो, कारण नदीच उतरत असते. मीटरभर लांबीला 7 ते 8 सेंमी उतार ठेवून सुरुवात करावी. हा साधारण 4 ते साडेचार अंश होतो. मोजायला सरळ पट्टी आणि पाणसळ पुरते: पट्टीचं वरचं टोक बॉक्सच्या तळाला टेकवा, पाणसळीचा बुडबुडा मध्ये आणा आणि मीटरभर खाली पट्टी व तळ यांच्यातलं अंतर मोजा. आडव्या दिशेनंही तळ सपाट आहे ना ते बघा. पाणसळ विसरलात तर अर्धी भरलेली सपाट पाण्याची बाटली आडवी ठेवा.

आडवा कल हा लपून राहणारा दोष आहे. बॉक्स डावीकडे अर्धा सेंमी जरी खचला तरी पाणी त्या अंगानं पळतं. डावीकडचे रिफल धुऊन उघडे पडतात, उजवीकडचे गच्च भरतात, आणि दोन्हीकडून सोनं जातं. डावीकडे ते उचललं जातं, उजवीकडे घट्ट वाळूवरून घसरतं. खाली चपटे दगड लावा आणि वर रिफलच्या चौकटीवर एक जड चपटा दगड ठेवा. तासाभरानं पुन्हा पाणसळ लावा, कारण पाणी बॉक्सखालची वाळू सतत कोरत असतं.

रिफल वाचता न येणं

पाणी लावल्यावर दहा-पंधरा खुरपी माती घाला आणि थांबून बघा. नीट चाललेल्या रिफलमागे वाळूचा एक छोटा ढीग असतो, तो सतत हलत असतो, आणि दुमडलेल्या कडेच्या लगेच खाली अर्धचंद्रासारखी पोकळी दिसते. रिफल साधारण अर्धा भरलेला असतो आणि धातूची वरची कड उघडी दिसते. गोटीएवढा खडा टाकला तर तो दोन-चार ठिकाणी अडखळत काही सेकंदांत बाहेर पडतो.

रिफल काठोकाठ भरून वाळू घट्ट बसली असेल तर पाणी कमी आहे किंवा उतार कमी आहे. आधी पाणी वाढवा: वरच्या बाजूला दगडांचा तिरपा बांध घालून जास्त प्रवाह तोंडात वळवा. तेवढ्यानं भागलं नाही तरच उतार सेंमी-सेंमीनं वाढवा. उलट रिफलमागे काहीच उरत नसेल, मॅट उघडी दिसत असेल, तर वेग जास्त आहे. वरचं टोक खाली आणा. पाण्यावर उभ्या लाटा उठत असतील, तळ दिसत नसेल, तरीही उपाय हाच. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. उतार, पाणी आणि मातीचा वेग तिन्ही एकदम बदलले तर कशानं सुधारलं ते कधीच कळत नाही.

काळी वाळू काय असते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर लाट ओसरली की इल्मेनाइटचे काळे पट्टे मागे राहतात, कारण ते साध्या वाळूपेक्षा जड असतं. स्लूसमध्येही हाच प्रकार होतो. मॅग्नेटाइट, इल्मेनाइट, गार्नेट असं सगळं सोन्याच्याच जागेवर येऊन बसतं. वरचे तीन रिफल निम्म्याहून जास्त काळ्या वाळूनं भरले की ती दगडासारखी घट्ट होते आणि नव्या सोन्याला आत शिरायला वाव उरत नाही. घड्याळाकडे न बघता हे तीन रिफल बघा. कुठे तासाभरात सफाई करावी लागते, कुठे अख्खी दुपार चालते.

जाळी आणि मॅट: घेतानाच होणाऱ्या चुका

एक्सपांडेड जाळी दोन प्रकारची मिळते. एकीत हिऱ्याच्या आकाराची भोकं असतात आणि प्रत्येक पाकळी तिरपी उभी असते. दुसरी तीच जाळी रुळाखालून काढून सपाट केलेली असते. सपाट जाळी स्वस्त दिसते, हातालाही बरी लागते, पण स्लूससाठी निरुपयोगी. पाकळी तिरपी नसेल तर तिच्यामागे भोवरा होत नाही. उभी जाळीही उलटी बसवली तर काम करत नाही. ओळखायला सोपं आहे: पाणी जाणार त्या दिशेनं जाळीवरून हात फिरवा, हात गुळगुळीत गेला पाहिजे. उलट दिशेनं फिरवला की बोटांना पाकळ्या टोचल्या पाहिजेत.

नूडल मॅट म्हणजे गाडीत पायाखाली टाकतात तशी प्लॅस्टिकच्या वेटोळ्यांची. मागे रबराचा थर नसलेलीच घ्यावी. थर असला की वेटोळ्यांच्या मुळाशी बारीक सोनं चिकटून बसतं आणि धुऊन निघत नाही. मॅट कधीही चिकटवू नये.

पण तिच्याखालून पाणीही जाता कामा नये, आणि घरच्या बॉक्सची खरी गळती इथेच असते. मॅट 25 सेंमीला नेमकी कापली की ओली झाल्यावर बाजूंना बारीकशी फट राहते. त्या फटीतून पाणी मॅटखाली शिरतं आणि आधी पकडलेलं सोनं तळाच्या पत्र्यावरून ढकलत खालच्या टोकाला बाहेर काढतं. वरून सगळं ठीक दिसत असतं. म्हणून मॅट 3 मिमी जास्त रुंद कापून दाबून बसवावी. तिच्या वरच्या टोकावर कोऱ्या पत्र्याची 3 ते 4 सेंमीची जीभ यावी, म्हणजे पाणी मॅटच्या वरूनच जाईल. तपासायचं असेल तर दिवसाच्या शेवटी मॅट उचलून तळाचा पत्रा बघा. तिथे काळ्या वाळूच्या लांब रेघा असतील तर खालून पाणी वाहतंय. पत्रा जवळजवळ स्वच्छ असेल तर मॅट नीट बसली आहे.

नव्या सामानावरचं तेल

नव्या पत्र्यावर आणि जाळीवर कारखान्यातलं तेल असतं, हाताला सनस्क्रीन असतं. तेलाचा थर लागलेला सोन्याचा पापुद्रा पाण्यात बुडतच नाही, पृष्ठताणावर नाचत निघून जातो. बॉक्स, जाळी, मॅट आणि पॅन (सोनं रोळायची पसरट परात) घरीच भांड्याच्या साबणानं घासून, भरपूर पाण्यानं धुऊन मग न्यावेत. साबण नदीत ओतू नये.

माती तशीच टाकणं

चाळण न वापरता टाकलेली माती म्हणजे मुठीएवढे दगड रिफलवरून घरंगळणार आणि प्रत्येक दगड आपल्यामागे एक भोवरा करून तिथलं सोनं उकरणार. 12 मिमी भोकांची चाळण बादलीवर ठेवून माती धुऊन घ्यावी. सोनं फारच बारीक असेल तर 6 मिमीची घ्यावी. चाळणीवरचे दगड फेकण्यापूर्वी एकदा नजर टाका.

चिकणमाती ही वेगळीच डोकेदुखी. तिचा गोळा स्लूसवरून लोळत जातो आणि वाटेतले कण अंगाला चिकटवून सोबत नेतो. अशी माती बादलीत पाण्यात टाकून हातानं कुस्करा, अगदी पीठ कालवतो तशी, गोळा राहता कामा नये. गढूळ पाणी ओतून द्या, पुन्हा पाणी घाला, मगच स्लूसकडे.

टाकण्याचा वेग हाही तितकाच महत्त्वाचा. पूर्ण फावडं एकदम ओतलं की क्षणभर सगळे रिफल पुरले जातात आणि त्या क्षणी येणारं सोनं वरून सरळ बाहेर जातं. छोट्या खुरप्यानं, कोऱ्या पत्र्याच्या रुंदीभर पसरून टाका. आधीचं खुरपं पाण्यानं पुढे नेलं की मग दुसरं.

खालचा गाळ न तपासणं

स्लूस लावल्यावर पंधरा मिनिटांत, बॉक्सचं पाणी जिथे पडतं तिथला दोन खुरपी गाळ पॅनमध्ये घेऊन रोळून बघा. त्यात सोन्याचे कण दिसले तर थांबा आणि वर सांगितल्याप्रमाणे पाणी-उतार जुळवा. सराफ कट्ट्याच्या गटारातला गाळ धुऊन सोन्याची कणी काढणारे झारेकरी याच तत्त्वावर पोट भरत आले. त्यांच्या परातीला रिफल नव्हते, जाळी नव्हती, होती ती पाण्याची आणि हाताच्या लयीची जाण. पॅन हाच स्लूसचा परीक्षक आहे, त्याच्यावाचून स्लूस घेऊन जाऊ नये.

मॅट आणि जाळी घरीही तपासता येते. मासेमारीच्या बारीक शिशाच्या गोळ्या हातोडीनं चपट्या करा, त्यांचे तांदळाच्या कणीएवढे वीस तुकडे मोजून घ्या. शिशाची घनता 11.3, म्हणजे सोन्यापेक्षा कमी. शिसं थांबलं तर त्याच आकाराचं सोनं नक्की थांबेल. मोठ्या टबमध्ये पाणी आणि छोटा पंप लावून धुतलेल्या वाळूबरोबर हे तुकडे सोडा. मिनिटाला 70 लिटर देणारा पंप 25 सेंमीच्या बॉक्सला पुरत नाही, म्हणून रिफल काढून ठेवा आणि दोन लांब पट्ट्या टाकून वाट 10 सेंमीची करा. वीसपैकी अठरा तरी मॅटच्या पहिल्या 30 सेंमीत मिळाले पाहिजेत. बाकीचे टबात शोधून काढा. हा प्रयोग नदीत करायचा नाही, शिसं विषारी असतं. नंतर हात साबणानं धुवा.

सफाईच्या वेळी घालवलेली कमाई

दिवसभर पकडलेलं सोनं शेवटच्या पाच मिनिटांत जाऊ शकतं. वाहत्या पाण्यात रिफल उचलले की संपलं. आधी तोंडापाशी दगड लावून पाणी हळूहळू कमी करा, मग बॉक्स आहे त्याच उतारात दोन्ही हातांनी सरळ उचला, काठावर आणा आणि खालचं टोक टबात ठेवा. मगच चिमटे सोडा. रिफल आणि जाळी टबावर धुवा, मॅट उलटी गुंडाळून टबाच्या पाण्यात दहा-बारा वेळा आसडा. बॉक्सचा कोरा तळही टबातच खळबळून घ्या.

जमलेला ऐवज 2 मिमी आणि 1 मिमी चाळणीनं वेगळा करून प्रत्येक भाग स्वतंत्र रोळावा. जाड आणि बारीक एकत्र रोळलं तर जाड वाळू काढताना बारीक सोनं जातं. मॅग्नेटाइट काढायला चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवा, पण काळ्या वाळूच्या झुबक्यात सोनं अडकून येतं, म्हणून तो झुबका दुसऱ्या भांड्यात पाण्यात सोडून चुंबक पुन्हा एकदा फिरवा.

ओटागोच्या शिस्ट खडकात अभ्रक भरपूर, त्यामुळे पॅन उन्हात झगमगतो. पॅनवर हाताची सावली धरा. अभ्रकाची चमक विझते, सोन्याचा पिवळा रंग सावलीतही तसाच राहतो. खात्री नसेल तर सुईचं टोक दाबा: सोनं दबतं, अभ्रकाचा पापुद्रा सुटतो, पायराइटचा चुरा होतो.

सोन्याच्या कणावर चांदीसारखा लेप दिसला तर तो जुन्या खाणकामातून नदीत राहिलेला पारा असू शकतो. असा कण कधीही तापवू नये, पाऱ्याची वाफ दिसत नाही आणि फुप्फुसातून थेट शरीरात जाते. तो झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली वेगळा ठेवावा. सोनं वेगळं करायला स्वतः पारा वापरण्याचा तर विचारही नको.

निघताना

वळवलेल्या प्रवाहाचे दगड होते तिथे परत टाका, खणलेले खड्डे बुजवा. काठ पोखरू नका, एक पूर आला की तो सगळाच बसतो.

आणि मॅट. 2004 मध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या नद्यांत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं. ते दगडांवर जाड गालिच्यासारखं पसरतं, आणि ओल्या कापडातल्या एका थेंबातूनही दुसऱ्या नदीत जाऊ शकतं. स्लूसची मॅट तर पाणी धरून ठेवण्यासाठीच बनलेली. त्यामुळे दुसऱ्या नदीवर जाण्यापूर्वी बॉक्स, मॅट, बूट, चाळण सगळं गाळ काढून साबणाच्या पाण्यानं धुवा आणि कडक उन्हात वाळवा. मॅट हाताला आतून-बाहेरून पूर्ण कोरडी लागली की तिथून पुढे आणखी 48 तास मोजायचे. ती दर आठवड्याला दुसऱ्या ओढ्यावर न्यायची असेल तर सरळ दोन मॅट कापून ठेवाव्यात.